ओसाड खडक?

ॲनिमोन म्हटलं की आपल्याला 'फाइंडिंग निमो' आठवतो. म्हणजे कुठेतरी लांब ऑस्ट्रेलियात, निळ्याशार पाण्यात वगैरे... पण एखाद्या रविवारी मोठ्या ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर जाऊन बघा. आपल्या त्या गढूळ पाण्याच्या डबक्यातही हे साहेब मजेत बसलेले असतात!

दिसायला फूल, पण आहे पक्का शिकारी प्राणी. ज्या पाकळ्या वाटतात त्यांत दंश करणाऱ्या पेशी असतात. आयता समोर आलेला मासा नाहीतर कोळंबी पकडायची आणि गिळायची. तोंड एकच, खायला तेच आणि उरलंसुरलं बाहेर टाकायलाही तेच. पाणी ओसरलं की सगळा पसारा आत ओढून लिबलिबीत गोळा होऊन बसायचं, भरती येईपर्यंत.

आणि या जागेला आपण म्हणतो 'ओसाड खडक'. एकदा ओसाड म्हटलं की भराव टाकायला आपण मोकळे!

कोस्टल रोडच्या वेळी, २०२० मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून. चांगलंच झालं. पण ॲनिमोन हा प्रवाळाचाच चुलतभाऊ, फक्त चुन्याचा सांगाडा नसलेला. माझं म्हणणं एवढंच, की रस्ता हवा असेल तर जरूर बांधा, पण त्याआधी खडकावर राहणाऱ्या सगळ्यांची मोजदाद करा. नुसती कायद्याच्या यादीपुरती नको.

असो. बघायला गेलात तर बोट घालू नका. बिचारा मिटतो, आणि धरून ठेवलेलं पाणी भर उन्हात घालवून बसतो.