टँकरचालकाच्या श्रमाचे मोल

सोयाबीनचा हंगाम ओसरला की वाशीम जिल्ह्यातील ट्रकचालकाचे कामही ओसरते. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशीम, कारंजा, रिसोड येथील बाजार समित्यांत माल येऊन पडतो, तेव्हा गाड्या अपुऱ्या ठरतात. पुढे तूर आणि हरभरा येऊन गेला की त्याच गाड्या भाड्याची वाट पाहत उभ्या राहतात. अशा वेळी अनुभवी चालकाची दृष्टी टँकरकडे वळली तर नवल नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यात गायगाव येथे तेल कंपन्यांचे डेपो आहेत. डिझेल-पेट्रोलची मागणी बाराही महिने असते, फेरी ठरलेली असते, आणि परतीच्या भाड्यासाठी दलालाची मनधरणी करावी लागत नाही.

परंतु हा केवळ गाडीतील बदल नव्हे. तो व्यवसायातील बदल होय. पोती एकदा दोरखंडाने आवळली की जागा सोडत नाहीत. द्रव पदार्थ मात्र ब्रेक लावताच पुढे धावतो आणि वळणावर एका बाजूस झुकतो. टाकी अर्धवट भरलेली असेल तर हा हिसका अधिकच जोराचा असतो. टाकीतील आडव्या पडद्या पुढे-मागे होणारी हालचाल आवरतात, पण बाजूचा झोल पुरता थांबवू शकत नाहीत. पोत्यांच्या ट्रकवर वीस वर्षे बसलेला हात येथे नव्याने शिकवावा लागतो. न शिकल्याचे प्रायश्चित्त एकट्या चालकालाच भोगावे लागते असेही नाही. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला, तेव्हा पुलाखालच्या रस्त्याने जाणारेही त्या आगीत सापडले आणि चौघांचा बळी गेला.

कायद्याने हा धोका ओळखला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नवव्या नियमानुसार धोकादायक माल नेणाऱ्या चालकास तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा परवान्याची मुदत तीन वर्षांची असून नूतनीकरणाच्या वेळी उजळणीचा पाठही घ्यावा लागतो. प्रश्न असा की, या दिवसांची बुडालेली मजुरी कोणी सोसावयाची?

अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली मजुरीतील तफावतीची पाच कारणे सांगितली: कामातील सुख वा कष्ट, ते शिकण्याचा खर्च, रोजगाराचे सातत्य, कामगारावर टाकलेला विश्वास आणि यशाची शक्यता. सातत्य असेल तर थोडी कमी मजुरीही माणूस पत्करतो. पण काम जोखमीचे, शिकून घ्यावे लागणारे आणि विश्वासाचे असेल तर मोबदला वाढावयास हवा. टँकरच्या व्यवसायात सातत्याचे आमिष पुढे केले जाते आणि बाकीच्या गोष्टींचे मोल बुडविले जाते. याचे कारण व्यवहाराच्या रचनेत आहे. तेल कंपनी निविदा काढून वाहतुकीचे कंत्राट देते. चालक असतो कंत्राटदाराचा नोकर. दराच्या चढाओढीत डिझेलचा भाव कंत्राटदाराच्या हाती नसतो, टायरचाही नसतो. काटकसर करण्याजोगी उरते ती चालकाची मजुरी आणि विश्रांती.

जानेवारी २०२४ च्या प्रारंभी चालकांनी काम थांबविले आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे भारतीय न्याय संहितेतील उपकलम हे त्याचे निमित्त होते. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम वगळण्यात आले. ज्यांच्यावाचून दोन दिवसांत समाजाचा गाडा अडतो, त्यांच्या मोबदल्याचा विचार मात्र रांगा संपताच मागे पडला.

उपाय अवघड नाहीत. प्रशिक्षणाचे दिवस कामाचेच समजून त्यांची मजुरी देण्याची अट निविदेतच असावी. कायद्याने ठरविलेली दिवसाच्या आठ तासांची मर्यादा कंत्राटात लिहिली जावी व तपासलीही जावी. प्रशिक्षण जिल्ह्यातच, आणि भरलेल्या टाकीवर, मिळावे. पाण्याच्या टँकरचालकांनाही त्यात स्थान असावे. पाणी हा धोकादायक माल नव्हे, म्हणून त्यांच्या परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही. पण उन्हाळ्यात गावोगावच्या अरुंद रस्त्यांवरून धावणाऱ्या त्या टाकीतले पाणीही तितकेच हेलकावते.

हंगामी बेकारीतून सुटण्यासाठी चालक टँकरकडे वळत असेल तर ते स्वागतार्हच आहे. मात्र त्याच्या गरजेचा लाभ घेऊन जोखीम फुकटात विकत घेणे, याला स्वस्त वाहतूक म्हणता येणार नाही. तिची उरलेली किंमत कधी तरी, कोठल्या तरी वळणावर, समाजालाच चुकती करावी लागते.