हलक्या गिअरची बाजू

जड गिअरवर सायकल मारली की पाय बळकट होतात, हलक्या गिअरवर नुसतेच पाय फिरतात. नव्याने सायकल घेतलेल्या माणसाला हा सल्ला पहिल्या आठवड्यातच मिळतो. देणारे शेजारी असतात, ऑफिसातले मित्र असतात, कधी सायकल विकणारा दुकानदारही असतो. सल्ला आपुलकीने दिलेला असला तरी तो चुकीचा आहे. त्यापायी गुडघे दुखू लागतात आणि चांगली सायकल बाल्कनीत धूळ खात पडते. म्हणून त्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

आधी गणित पाहू. बाजारात सर्रास दिसणारी 21 गिअरची, 26 इंची चाकांची सायकल घ्या. पुढे 42, 34 आणि 24 दातांची तीन चक्रं, मागे 14 पासून 28 दातांपर्यंतची सात. पुढे 42 आणि मागे 14 असताना पायडलचा एक फेरा मारला की सायकल सहा मीटरच्या वर पुढे सरकते. पुढे 24 आणि मागे 28 असताना तोच फेरा तिला जेमतेम पावणेदोन मीटर नेतो. आता घाटात ताशी 8 किलोमीटरचा वेग धरा. पुढचं मोठं चक्र तसंच ठेवलं, तर मागे सर्वांत मोठं चक्र टाकूनही मिनिटाला 43 च फेरे होतात. पुढचं लहान चक्र टाकलं की 75 होतात. चढ तोच, वेग तोच, म्हणजे कामही तेवढंच. फरक एवढाच की पहिल्या प्रकारात प्रत्येक फेऱ्याला पावणेदोन पट जोर लावावा लागतो. हा जोर गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर आवळून निघतो, आणि तासाभरात हजारो वेळा निघतो. जड गिअरने जास्त व्यायाम होतो म्हणणाऱ्यांनी सांगावं, यात जास्तीचा व्यायाम कुठे आहे? आहे ती जास्तीची झीज.

गिअर बदलणं म्हणजे कमकुवतपणा, हा समज आपल्याकडचाच आहे असं नाही. टूर द फ्रान्स ही शर्यत 1903 साली सुरू करणारे आंरी देग्रांज त्याचे कट्टर पुरस्कर्ते होते. देग्रांज हे खुर्चीत बसून बोलणारे गृहस्थ नव्हते. 1893 मध्ये त्यांनी एका तासात 35.325 किलोमीटर सायकल मारून विक्रम केला होता. पण बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांसाठी आहेत, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आणि शर्यतीत ते येऊ दिले नाहीत. आल्प्स आणि पिरेनीजच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरत, मागचं चाक काढत आणि उलटं फिरवून बसवत, कारण दुसऱ्या बाजूला चढासाठी मोठं चक्र असे. देग्रांज यांच्या हातून सूत्रं गेल्यावर, 1937 साली, चालत्या सायकलीवर गिअर बदलायला परवानगी मिळाली. त्यानंतर त्या शर्यतीतले सायकलपटू दुबळे झाले, असं कोणी म्हणणार नाही. बेल्जियमच्या एडी मर्क्सने 1972 मध्ये मेक्सिको सिटीत तासाला 49.431 किलोमीटरचा विक्रम केला, तो तर एकाच गिअरवर. पण 52-14 च्या त्या गिअरवर त्याचे पाय मिनिटाला शंभराहून जास्त वेळा फिरत होते. जगातल्या सर्वांत ताकदवान सायकलपटूनेसुद्धा ताकद वापरली ती फेऱ्यांच्या वेगातून.

मग आजोबांचा दाखला येतो. ते बिनगिअरच्या सायकलीवर गावोगाव फिरले, त्यांना कुठे लागले गिअर? फिरले खरे, आणि त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण मोठा चढ आला की ते खाली उतरून सायकल ढकलत नेत, हे त्याच आजोबांना विचारलं तर तेही सांगतील. एकच गिअर होता म्हणून ते उतरत. आपल्याकडे एकवीस असताना आपण का उतरावं?

या सगळ्यांत एक आक्षेप मात्र खरा आहे. पाय भरभर फिरवले की धाप लागते. प्रयोगशाळेतली मोजमापंही तेच सांगतात: बेताच्या जोराने सायकल मारताना साठच्या आसपास फेऱ्यांना प्राणवायू सर्वांत कमी लागतो. हे मी मान्य करतो. सपाट रस्त्यावर निवांत जाताना कोणी पासष्टने पाय फिरवत असेल तर त्याला मी टोकणार नाही. पण लागलेली धाप गिअर आणखी हलका करून वेग थोडा उतरवला की दोन मिनिटांत बसते. मांडीत आलेला गोळा त्या दिवशी जात नाही, आणि धरलेला गुडघा तर कित्येक आठवडे सोडत नाही. शिवाय छातीचा दम सरावाने लवकर वाढतो. ज्याला महिन्याभराने 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करायची आहे, त्याने पाय राखावेत आणि भार दमावर टाकावा.

दुसऱ्या टोकाचाही एक वर्ग आहे. केडन्स, म्हणजे मिनिटाचे फेरे, नव्वदच हवेत, असं तो नवख्याला बजावतो. तेही मला पटत नाही. सवय नसताना नव्वद गाठायला गेलेला माणूस सीटवर उसळू लागतो, खांदे ताठ होतात आणि निम्मी मेहनत वाया जाते. सुरुवातीला सत्तर-ऐंशी पुरे. मोजायला यंत्र लागत नाही. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा. वीस आले, तर ऐंशी. वर सांगितलेल्या सायकलीवर पुढे 34 आणि मागे 18 ठेवलं, तर सपाटीला ताशी 20 किलोमीटरवर हाच हिशेब 85 च्या घरात येतो. म्हणजे मधलं चक्र रोजच्या रस्त्यासाठीच आहे.

बोपदेव असो, दिवे घाट असो की जुना कात्रज, नवखे फसतात ते गिअर टाकायच्या वेळेला. पाय अडकेपर्यंत थांबतात, सगळं वजन पायडलवर असतं, आणि मग पुढचं लहान चक्र टाकायला जातात. चेन कर्रकन ओरडते, घसरते आणि चक्र नि फ्रेमच्या मधे जाऊन बसते. चढावर तोल सावरत, काळ्या बोटांनी ती ओढून काढावी लागते. चढ समोर दिसला की तो सुरू होण्याआधी पुढचं चक्र बदलावं. पाय फिरता ठेवावा, पण अर्ध्या फेऱ्यापुरता जोर काढून घ्यावा. चेन हलकेच उतरते. मागचे गिअर मग चढ वाढेल तसे एकेक करून टाकता येतात. सिग्नललाही हेच: थांबण्याआधीच दोन गिअर हलके करून ठेवावेत.

दुकानदारांना माझं सांगणं आहे. एकवीस हा आकडा सांगून सायकल विकता, तर त्यातले कितीतरी गिअर एकमेकांवर चढलेले असतात हेही सांगा. पुढे 42 मागे 28, आणि पुढे 24 मागे 16, या दोन जोड्या दीडाच्या एकाच प्रमाणाच्या आहेत, आणि पहिलीत चेन तिरकी ओढली जाते. सायकल हातात देण्याआधी गिऱ्हाइकाला जवळच्या एखाद्या उड्डाणपुलावर न्या, चढाच्या आधी गिअर कधी टाकायचा ते दोनदा करून दाखवा, आणि तिसऱ्या वेळी त्याला स्वतःला टाकू द्या.