नाकापेक्षा चष्मा जड

या तिमाहीत आमच्या घरी एक नवा चष्मा आला. आला म्हणजे विकत आणला नाही, आम्ही तो चक्क केला! त्याचीच ही हकिकत.

सौ.च्या कानामागे आणि नाकावर वर्षभर खाज आणि पुरळ. सगळी मलमे झाली. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले, निकेलची अ‍ॅलर्जी. धातूच्या पुष्कळ फ्रेम 'जर्मन सिल्व्हर'च्या असतात. नावात सिल्व्हर, आत तांबे, जस्त आणि निकेल. चांदी औषधालाही नाही. वरचा मुलामा घामाने झिजला की निकेल थेट कातडीला भिडते. त्वचेला सतत टेकणाऱ्या वस्तूंतून निकेल किती सुटावे, यावर युरोपीय संघाने १९९४ मध्ये मर्यादा घातली. पण मुलामा झिजलेल्या जुन्या फ्रेमला कायदा काय करणार?

टायटॅनियमची फ्रेम घ्या, असे तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हटले. तेव्हा सौ.ने कपाटातून तिच्या आईचा चांदीचा छल्ला काढला. "अहो, किल्ल्या गेल्या, वाडाही गेला. हा नुसता डबीत पडलाय. याचा चष्मा होईल का?"

आता आली का पंचाईत! छल्ला एकदा वितळला की परत मिळणे नाही. आम्ही संध्याकाळी दागिने बनवण्याच्या वर्गाला जातो खरे, पण आजवर मजल दोन अंगठ्यांपर्यंत. म्हणून आधी तांब्याच्या तारेवर हात बसवायचे ठरले.

जुन्या काडीच्या आत आकडे होते, ५०, २० आणि १४०. म्हणजे काच ५० मिलिमीटर रुंद, दोन काचांत २० चे अंतर आणि काडी १४० लांब. ते धरून कागदावर खऱ्या मापाचे चित्र काढले. नाकावरचा पूल मात्र सौ.च्या नाकावरच तार वाकवून बेतला. दुकानातली फ्रेम तिच्या नाकावरून कायम घसरायची, तिचे कारण तिथे कळले.

काचेची कड धारेसारखी निमुळती असते. ती बसायला तारेच्या आतल्या बाजूला खाच लागते. खाच आधी कोरायची, मग तार लाकडी ठोकळ्याभोवती वळवायची. कडे कानाच्या बाजूला उघडे ठेवून तिथे बारीक स्क्रू, म्हणजे काच घालता-काढता येते.

खरी परीक्षा डाख देताना. टाकणखार लावून पूल जोडला, छान बसला. मग बिजागरी जोडायला ज्योत फिरवली आणि पूलच सुटून खाली पडला! शिक्षिका हसल्या. आधी उशिरा वितळणारा डाख वापरायचा आणि पुढच्या प्रत्येक सांध्याला त्याहून लवकर वितळणारा, म्हणजे आधीचा सांधा शाबूत राहतो. तांब्याचे दोन चष्मे बिघडले, तिसरा साधला.

मग छल्ल्याची पाळी. जुन्या फ्रेमवर निकेल-तपासणीचे द्रावण लावून कापूस घासला, तर तो गुलाबी झाला. छल्ल्यावर पांढराच राहिला. मुशीत घालायच्या आधी सौ.ने तो एकदा कमरेला खोवून पाहिला. आम्ही काही बोललो नाही.

चांदी तापली की मऊ पडते. त्यामुळे सगळे सांधे झाल्यावर काड्या ऐरणीवर हलक्या हाताने ठोकून पुन्हा कडक केल्या. काचा बसवायला चष्मेवाल्याने "मोडला तर जबाबदारी तुमची" असे लिहून घेतले. मोडला नाही! काचांसकट वजन ३४ ग्रॅम. जुना होता २६.

आज दोन महिने झाले, पुरळ नाही. डावी काडी किंचित वर आहे, ती आम्हालाच दिसते. नाकावर वळ मात्र उठतो. "जड होतो का गं?" आम्ही विचारले.

"आईचा छल्लाही जडच होता," ती म्हणाली आणि पेपर वाचू लागली.

तर मंडळी, तुमच्याही कपाटात अशी एखादी डबी असेल. उघडून बघा. पण आधी तांब्याची तार घ्या बरं का!