पाणी कधी येणार, हे आधी विचारा

आमच्या पुणतांब्यात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. घर हिंदूचे असो की मुसलमानाचे, सगळ्यांच्या तोंडी ‘गंगा’च. गेल्या पावसाळ्यात आमचा पुतण्या दोस्तांबरोबर गंगेवर पोहायला गेला. गावात आठवडाभर थेंब नव्हता, ऊन पडले होते. पण तिकडे त्र्यंबक-इगतपुरीला मुसळधार पाऊस झाला होता, धरणांतून पाणी सोडले होते आणि नांदूर मधमेश्वरहून ते खाली निघाले होते. पोरे पाण्यात असतानाच नदी वाढली. काठावरच्या एका मासेमाऱ्याने दोर टाकून त्याला ओढून काढले. अल्लाहचा लाख लाख शुक्र, मुलगा वाचला.

त्यानंतर घरात फर्मान निघाले: गंगेचे नावच काढायचे नाही. पण नदीकाठच्या गावातल्या मुलांना पाण्यापासून किती दिवस दूर ठेवणार? मुलगा रात्री झोपेत दचकून उठू लागला. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे कोलाडला गेलो, कुंडलिका नदीवर. तिथे गाईड सोबत घेऊन रबरी तराफ्यातून वाहत्या पाण्यात उतरतात. त्याला रिव्हर राफ्टिंग म्हणतात. दादी निघताना म्हणाल्या, “एकदा बुडता बुडता वाचला, आता पैसे देऊन बुडवायला नेताय का?”

पुण्याहून ताम्हिणी घाटाने जाताना मुळशीचा तलाव लागतो. मुळा नदीचे हे पाणी खरे तर पूर्वेला, भीमेकडे जायचे. धरण बांधून ते पश्चिमेला वळवले आणि सह्याद्रीवरून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात आणले. हे वीजघर 1927 पासून चालू आहे. या धरणात गावे बुडणार म्हणून 1921 साली सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला होता, हे आम्ही मुलांना गाडीतच सांगितले. वीज तयार झाली की तेच पाणी कुंडलिकेत येते आणि रोह्यावरून समुद्राला मिळते.

फजरची नमाज पढून आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा नदीत दगडच दगड दिसत होते. पुतण्या म्हणाला, “चाचू, यात तराफा कसा चालणार?” गाईड जवळच्याच गावचा तरुण. तो हसला. “पाणी सुटायचंय अजून. वीजघरातून निघालं की नदी भरेल.” थोड्या वेळाने, आभाळ निरभ्र असताना, दगड एकेक करून बुडू लागले. पुतण्याने आमचा हात घट्ट धरला. हेच त्याने पुणतांब्यात पाहिले होते. फरक एवढाच की इथे पाणी कधी येणार हे आधीपासून माहीत होते.

मग तयारी. गाईडने प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले आणि खांद्याला धरून वर ओढून पाहिले. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते ढिले समजायचे. पाण्यात पडलात तर उभे राहू नका, पाय दगडांत अडकतो. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि वर ठेवा, दोर येईल तो धरा. वल्ह्याची मूठ कधी सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात. एवढे सगळ्यांकडून म्हणवून घेतल्यावरच तराफा पाण्यात गेला.

बहिणींसाठी थोडे. सैल ओढणी, बुरखा आणि पिना पाण्यात धोक्याच्या. सुती कपडा भिजला की जड होतो. आमच्या घरातल्या मुलींनी पूर्ण बाह्यांचे, लवकर वाळणारे कपडे आणि बिनपिनेची घट्ट हिजाब टोपी घातली, तिच्यावर हेल्मेट. तराफा फक्त आपल्या घरच्यांसाठी मिळेल का, हे आधीच विचारावे. लहान मुलांना घेत नाहीत. वयाची अट नोंदणीच्या वेळीच समजून घ्या.

पाण्याच्या जोराप्रमाणे नद्यांना 1 ते 6 अशी श्रेणी देतात. कुंडलिका 2 ते 3 मध्ये येते, म्हणजे मध्यम. तरीही पहिल्या उसळत्या पाण्यात तराफ्याचे तोंड वर गेले तेव्हा सगळ्यांच्या तोंडून कलमा निघाला. बारा-तेरा किलोमीटर कसे सरले ते कळले नाही. शेवटी संथ पाण्यात गाईड म्हणाला, “ज्याला हवं त्याने उतरा.” पुतण्या गप्प बसला होता. मग त्याने पट्टे एकदा चाचपले, बिस्मिल्लाह म्हटले आणि उतरला. उताणा, पाय पुढे. जोहरची कस्र नमाज आम्ही काठावर पढलो. त्यानंतर पोटभर जेवून तो गाडीत जो झोपला तो पुण्यापर्यंत.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले होते. ही हदीस आपण मुलांना मदरशात शिकवतो. पण गंगेवर जाणाऱ्या मुलाला वर पाणी सोडलेय का, हे आपल्यापैकी कितीजण विचारतात? कोलाडला चार तासांच्या मौजेसाठी जेवढी काळजी घेतली, तेवढी आम्ही घरापाशी कधी घेतली नव्हती. चूक पोरांची नव्हती, आम्हा मोठ्यांची होती.

नांदूर मधमेश्वरहून सोडलेले पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. किती क्युसेक सोडले, हे पाटबंधारे खाते जाहीर करते. तो वेळ आपल्या हातात असतो. आम्ही मशिदीच्या जबाबदार मंडळींना विनंती केली आहे की पाणी सुटल्याची खबर आली की अजाननंतर भोंग्यावरून सांगावी: गंगेला पाणी येतेय, मुलांना घरी बोलवा. ते तयार आहेत. देवळाच्या भोंग्यावरूनही सांगावे, असे शेजारच्या मंडळींशी बोलणे चालू आहे. पाणी कुणाचे घर पाहून येत नाही.

दादींना सगळे सांगून झाले. त्यांनी एकच विचारले, “ते जॅकेट विकत मिळतं का?” मिळते. दोन आणलीत.