जुनी कानस, नवी छिन्नी



'हत्याराला पाणी देणे' हा वाक्प्रचार मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवला. मुलं अर्थ पाठ करायची, वाक्यात उपयोगही करायची. पण पाणी देतात म्हणजे नेमकं काय करतात, हे पाहिलेलं मूल विरळाच. माझं स्पष्ट मत आहे की प्रत्येक मुलामुलीने शाळेत असतानाच एक तरी हत्यार स्वतःच्या हाताने करावं.

सामान फारसं लागत नाही. झिजलेली चांगली कानस भंगारात मिळते. (अगदी स्वस्तातली नको, ती कधीकधी नुसती वरूनच कडक असते.) ती लाल तापवून रात्रभर राखेत ठेवली की मऊ होते. मग चक्क दुसऱ्या कानशीने ती घासता येते! दाते घासून काढायचे, कारण तडा तिथूनच जातो. टोकाला छिन्नीचा आकार द्यायचा. टोक पुन्हा तापवायचं. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही. त्याच्या किंचित पुढे नेऊन टोक पाण्यात बुडवायचं. आता ते कडक झालं, पण काचेसारखं ठिसूळ. म्हणून टोक घासून चकचकीत करायचं आणि मागच्या बाजूने हलकेच ऊब द्यायची. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग टोकाकडे सरकत येतात. टोकावर जांभळा आला की लगेच पाण्यात! डोकं मात्र मऊच ठेवायचं, नाहीतर हातोडीच्या घावाने कपची उडते. डोळ्यांवर चष्मा आणि शेजारी जाणतं माणूस हवंच.

कोणी म्हणेल, बाजारात छिन्नी स्वस्त मिळते, मग हा उपद्व्याप कशाला? पैसे वाचवणं हा मुद्दाच नाही. विकतची छिन्नी बिघडली की आपण फेकतो. ज्याने स्वतः पाणी दिलंय, तो तिला पुन्हा पाणी देतो. आणखी एक गोष्ट त्याला कळते. जांभळा रंग म्हणजे साधारण २८० अंश, हे लोहार थर्मामीटरशिवाय नुसत्या नजरेने ओळखतो. त्याला आपण अडाणी म्हणत आलो, कारण त्याचं ज्ञान पुस्तकात नव्हतं. ही आपल्या शिक्षणाची मोठी चूक आहे.

पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची वाट दाखवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांकडे शिकण्यासाठी सांगितले आहेत. तिथे उदाहरणादाखल सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांची नावं आहेत. लोहार 'इत्यादी'त गेला! शाळांनी त्याला त्या 'इत्यादी'तून बाहेर काढावं, मानाने बोलवावं आणि मानधनही द्यावं. भात्यासमोरचा एक तास धातूंच्या धड्याइतकाच शिकवून जाईल.

असो. घरात जुनी कानस असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी नातवंडांना एकदा दाखवा.