बीजिंगचा मार्बरी

अमेरिकेचं ग्रीन कार्ड कुठे अडलंय, याची चौकशी आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही होते. ज्याच्या त्याच्या घरचं कुणीतरी त्या रांगेत असतंच. त्यामुळे ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या, बास्केटबॉलवर कोट्यवधी डॉलर कमावलेल्या एका अमेरिकन माणसाने चीनचं ग्रीन कार्ड मिळवलं, हे वाचून मला आधी गंमत वाटली. चीन हे कार्ड परदेशी माणसाच्या हातावर सहजासहजी टेकवत नाही. स्टेफॉन मार्बरीला ते मिळालं. शिवाय पुतळा, मानद नागरिकत्व आणि त्याच्या आयुष्यावरचं संगीत नाटक, ज्यात त्याने स्वतःच स्वतःची भूमिका केली. आणि हाच माणूस न्यूयॉर्कमध्ये मैदानावर उतरला की घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते.

कोनी आयलंड म्हणजे ब्रुकलिनच्या टोकाची समुद्रकाठची वस्ती. पर्यटकांना तिथले पाळणे माहीत असतात. मार्बरी कुटुंब राहत होतं ते मागच्या सरकारी घरांच्या उंच इमारतींत. थोरले तीन भाऊ बास्केटबॉल खेळायचे, पण एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगपर्यंत कुणी पोचलं नाही. मग सगळ्या घराची आशा स्टेफॉनवर आली. 1996च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगमधल्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, तो चौथ्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्याच दिवशी त्याच्या बदल्यात रे अ‍ॅलन नावाचा खेळाडू देऊन मिनेसोटाने त्याला घेतलं. (दोन वर्षांनी स्पाइक लीने ‘ही गॉट गेम’ काढला. त्याचा नायक कोनी आयलंडचा, मार्बरीच्याच लिंकन शाळेत खेळणारा पोरगा; आणि ती भूमिका केली रे अ‍ॅलनने! नशीब कधी कधी फारच उघड विनोद करतं.)

मिनेसोटात केव्हिन गार्नेट आणि मार्बरी ही जोडी दहा वर्षं राज्य करील असं लोक म्हणत होते. गार्नेटला सहा वर्षांसाठी 12 कोटी 60 लाख डॉलरचा करार मिळाला. पुढे मालक-खेळाडू संघर्षात लीग बंद पडली आणि नव्या नियमांनी पगारावर मर्यादा आली. मार्बरीला जास्तीत जास्त सात कोटींच्या आसपास मिळणार होते. त्याने मिनेसोटा सोडलं. मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात वाईट निर्णय. पैशांची गोष्ट बाजूला ठेवू, पण तसा जोडीदार त्याला अमेरिकेत पुन्हा मिळाला नाही. पुढे न्यू जर्सीत तो घोट्याच्या पट्टीवर ‘एकटाच’ अशा अर्थाचे शब्द लिहून खेळायचा. मग फिनिक्स, आणि 2004च्या जानेवारीत शेवटी घरी, न्यूयॉर्क निक्समध्ये.

घरीच सगळं बिघडलं. संघ हरत होता, प्रशिक्षकांशी भांडणं वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येत होती. 2007च्या डिसेंबरात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना सुरू असताना वडिलांच्या छातीत दुखू लागलं आणि ते गेले. मुलाला हे कळलं सामना संपल्यावर. शेवटच्या वर्षी सुमारे दोन कोटी डॉलर पगार घेऊन तो नुसता बसून होता, कारण त्याला खेळवायचंच नाही असं ठरलं होतं. 2009च्या उन्हाळ्यात तो इंटरनेटवर तासन्‌तास थेट प्रक्षेपण करत नाचला, रडला, एकदा तर चक्क व्हॅसलीन खाल्लं. लोक हसले. त्या काळात मरावंसं वाटत होतं, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं.

2010च्या जानेवारीत तो चीनमधल्या शानशी प्रांताच्या ताययुआन शहरात उतरला. कोळशाचा प्रांत, कडाक्याची थंडी, आणि ब्रेव्ह ड्रॅगन्स हा संघ लीगमधला अगदीच सामान्य. डोक्यात एक हिशेब होताच. काही वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या नावाचे बूट काढले होते, ‘स्टारबरी’, किंमत 14 डॉलर 98 सेंट. बड्या खेळाडूंचे बूट शंभर-दीडशे डॉलरला विकले जात होते, तेव्हा गरीब घरच्या आईला परवडावेत म्हणून हे; आणि तो स्वतः एनबीएच्या सामन्यात तेच घालायचा. ते विकणारी दुकानांची साखळी 2008मध्ये दिवाळखोरीत गेली. चीनच्या बाजारात ते बूट पुन्हा उभे करावेत, असा विचार होता.

परदेशात जाणाऱ्या अमेरिकन खेळाडूची नोकरी नीट समजून घेतली पाहिजे. तुर्कस्तान असो, फिलिपिन्स असो की चीन, त्याला घेतात ते गुण मिळवण्यासाठी. तेव्हा चिनी लीगमध्ये एका संघाला साधारण दोन परदेशी खेळाडू ठेवता येत, आणि चार क्वार्टरच्या सामन्यात दोघांनी मिळून सहा क्वार्टरच खेळायचं. म्हणजे तेवढ्या वेळात चेंडू त्याच्याच हातात. तीसेक गुण काढायचे, हॉटेलवर जायचं, मोसम संपला की विमान पकडायचं. पाच-सहा सामने वाईट गेले तर विमान त्याआधीच मिळतं. स्थानिक खेळाडूंशी बोलायला दुभाष्या. बरेचदा तेवढंही बोलणं होत नाही. भाड्याच्या सायकलीला कुणी तेल घालत बसत नाही, तसं हे नातं दोन्ही बाजूंनी.

मार्बरीलाही त्याचा अनुभव आला. दुसऱ्या मोसमात शानशीने त्याची साथ सोडली. तो दक्षिणेत फोशानला गेला. तिथे एक वर्ष काढलं. वय 34. कुणीही म्हणालं असतं, संपलं. 2011मध्ये बीजिंग डक्सने त्याला घेतलं.

पुढचं मला खरं महत्त्वाचं वाटतं. बीजिंगने तोवर या लीगचं विजेतेपद कधी मिळवलं नव्हतं. समोर ग्वांगडाँग, मागच्या आठपैकी सात वर्षांचा विजेता. प्रशिक्षक मिन लुलेई, मधल्या जागेवर दुसरा अमेरिकन रँडॉल्फ मॉरिस, बाकी चिनी पोरं. मार्बरी या पोरांना पास द्यायचा आणि त्यांनी चेंडू टाकला नाही तर ओरडायचा. टाइम-आउटमध्ये समजवायचा, सरावानंतर थांबवून घ्यायचा. चाहत्यांनी त्याला ‘राजकीय कमिसार’ असं नाव दिलं. चिनी सैन्यात शिपायांचं मन ताळ्यावर ठेवणारा जो अधिकारी असतो, तो. ज्याच्यावर अमेरिकेत संघ फोडण्याचा शिक्का बसला होता, त्याला हे नाव! सरावाला तो भुयारी रेल्वेने जायचा, ‘चायना डेली’त सदर लिहायचा. 2012च्या मार्चमध्ये अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात त्याने 41 गुण काढले आणि बीजिंग जिंकलं. मैदानात तो ओक्साबोक्शी रडला. त्याच वर्षी वुकसोंगच्या स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला. 2014 आणि 2015मध्ये आणखी दोन विजेतेपदं.

चीनमधल्या परदेशी माणसाच्या पुतळ्याचं आपल्याला अप्रूप नको, सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचा शिजियाझुआंगमध्ये कधीचा आहे. ते युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत तिथेच गेले, दोघांची तुलना करणं वेडेपणाचं. पण आमच्यात येऊन राहिलेला परका, ही गोष्ट तिथल्या सत्तेला आवडते आणि ती तिचा वापरही करून घेते, हे दोन्हीकडे खरं. अमेरिकेने नाकारलेला अमेरिकन आमच्याकडे सुखी झाला, यापेक्षा सोयीची कथा बीजिंगला कुठून मिळणार? मानद नागरिकत्वात तो हिशेब नसेल असं मानण्याइतका मी भाबडा नाही. तरीही स्टेडियममध्ये त्याच्या नावाने घसा कोरडा करणाऱ्या माणसांना कुठल्या खात्याने पाठवलं नव्हतं.

तो बदलला, असं सगळे म्हणतात, तोही म्हणतो. मला ते अर्धंच पटतं. हट्टी तो तिथेही होताच. न्यूयॉर्कमध्ये त्याच्या प्रत्येक चुकीला दोन कोटींनी गुणलं जायचं. चीनमध्ये परदेशी खेळाडूकडून कुणी निष्ठेची अपेक्षाच करत नव्हतं, त्यामुळे त्याचं नुसतं थांबणंही मोठं ठरलं. आणि हेही खरं की तो आधीच प्रसिद्ध होता. त्याचा चुलतभाऊ सबॅस्टियन टेलफेअर, तोही कोनी आयलंडचा, तोही एनबीएतून आलेला, चीनमध्ये खेळून गेला. त्याचा पुतळा कुणी उभारला नाही. अशा खेळाडूंची संख्या मोठी आहे.

2017मध्ये बीजिंग डक्सला तो मोसमभर प्रशिक्षणाच्या कामात हवा होता, मैदानावर नको होता. त्याने नकार दिला आणि शहरातल्याच फ्लाय ड्रॅगन्सकडून एक मोसम खेळून 2018च्या फेब्रुवारीत, एक्केचाळिसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर, निवृत्त झाला. पुढच्याच वर्षी बीजिंग रॉयल फायटर्सने त्याला मुख्य प्रशिक्षक केलं. म्हणजे अमेरिकेहून आलेल्या नव्या खेळाडूला चौथ्या क्वार्टरमध्ये खेळवायचं की बसवून ठेवायचं, हे मग मार्बरी ठरवू लागला.