एंजलफिशला घर देताना

दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात काचेची टाकी असावी, तिच्यात हिरव्या पाणवनस्पती डोलाव्यात आणि त्यांमधून रंगीत मासे संथपणे विहरावेत, ही हौस आता केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये, कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरील रविवारच्या बाजारात आणि चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये शोभिवंत माशांची दुकाने गजबजलेली दिसतात. तेथे ग्राहकाची नजर हमखास खिळवून ठेवणारा मासा म्हणजे एंजलफिश. वरखाली पसरलेले लांब पर, रुपेरी अंगावरचे उभे काळे पट्टे आणि कोणतीही घाई नसलेली डौलदार चाल. दुकानात तो नाण्याएवढा असतो आणि त्याची किंमतही फारशी नसते. मुलांचा हट्ट असतोच. चार पिल्ले प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी येतात. खरे तर विचार करण्याची वेळ हीच असते आणि नेमका तेव्हाच तो केला जात नाही.

एंजलफिश हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यातला. टेरोफायलम स्केलरे हे त्याचे शास्त्रीय नाव. संथ पाण्यात बुडालेली मुळे आणि उभ्या देठांची दाटी यांमधून सहज सरकता यावे, म्हणून निसर्गाने त्याला असे चपटे व उंच शरीर दिले आहे. अंगावरचे पट्टेही त्या छायाप्रकाशात लपण्यासाठीच आहेत. तो सिक्लिड या कुळातला असल्याने आपली जागा राखणे, जोडीदार निवडणे आणि पिल्लांचे रक्षण करणे हे त्याच्या स्वभावातच असते. नाण्याएवढे पिल्लू पुढे सुमारे १५ सें. मी. लांबीचे होते आणि परांसह त्याची उंची त्याहूनही अधिक भरते. नीट निगा राखल्यास हा मासा १० वर्षांपर्यंत जगतो. म्हणजे पहिलीतल्या मुलासाठी आणलेला मासा त्याच्या दहावीच्या परीक्षेपर्यंत घरात असू शकतो.

असे असताना बाजारात सर्वाधिक खपते ती फूटभर लांबी-रुंदी-उंचीची टाकी. तिच्यात जेमतेम २८ लिटर पाणी मावते. ‘टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो’ असे सांगून ग्राहकाची समजूत घातली जाते. या वाक्याने जितके मासे मारले आहेत, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने मारले असतील. लहान टाकीत मासा वाढत नाही हे कित्येकदा खरे असते; पण ती त्याने केलेली तडजोड नसून दूषित पाण्याने व कोंडमाऱ्याने खुंटलेली वाढ असते. एंजलफिशसाठी किमान तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद व उंच टाकी असावी. तिच्यात सुमारे १९० लिटर पाणी मावते, म्हणजे केवळ पाण्याचेच वजन १९० किलो. ते पेलणारे मजबूत टेबल, फिल्टर, हीटर आणि वीजपुरवठा खंडित झाल्यास चालणारा बॅटरीवरचा एअर पंप, हा सारा खर्च माशाच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. कर्ज घेण्यापूर्वी हप्त्याचा हिशेब करणाऱ्या गृहस्थाने हा हिशेब दुकानाच्या पायरीवर चढण्यापूर्वीच मांडलेला बरा.

पुढचा प्रश्न शेजाऱ्यांचा. निऑन टेट्रा हा इवलासा, निळ्या-लाल झळाळीचा मासा एंजलफिशबरोबर अनेक टाक्यांत ठेवला जातो. काही महिने सारे गुण्यागोविंदाने नांदतात. मग एखाद्या सकाळी निऑनची संख्या घटलेली दिसते आणि चोरीचा उलगडा होत नाही. वस्तुतः तोंडात मावेल तो लहान मासा एंजलफिशच्या दृष्टीने अन्नच असतो. याच्या उलट टायगर बार्ब त्याचे लांब पर कुरतडून त्याला बेजार करतो. अंगाने थोडे मोठे व शांत टेट्रा आणि तळाशी वावरणारे कोरिडोरस हे त्याचे योग्य सोबती. एंजलफिशची पाच-सहा पिल्ले एकत्र वाढवावीत. कारण नर-मादी बाह्यरूपावरून ओळखणे कठीण असते आणि जोडी त्यांची तेच जमवतात. एकदा जोडी जमली की एखाद्या उभ्या पानावर, प्रसंगी फिल्टरच्या नळीवरही अंडी दिली जातात आणि मग हा सौम्य दिसणारा मासा शेजाऱ्यांना कोपऱ्यात दाबून ठेवतो. त्या वेळी बाकीच्यांना हलवायला दुसरी जागा हवी. ‘कम्युनिटी टाकी’ म्हणजे सहजीवन खरे; पण कोणाबरोबर कोण राहणार, हे ठरवण्याचा अधिकार माशांना नसल्याने तो विवेक माणसानेच दाखवायचा असतो.

सर्वांत मोठी चूक मात्र घाईची. शनिवारी टाकी आणायची, त्याच संध्याकाळी मासे सोडायचे आणि पंधरवड्यात ते एकेक करून दगावले की नशिबाला बोल लावायचा, हे घरोघरी घडते. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. तो विषारी असतो. उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही नितळ दिसले तरी ते राहण्याजोगे नसते. पुढे दर आठवड्याला सुमारे पाव हिस्सा पाणी क्लोरिन काढून बदलावे लागते. ‘टाकी आज न्या, मासे महिन्याने’ असे सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो असे वाटेल. परंतु ग्राहकाचा खरा हितचिंतक तोच.

बदलीची नोकरी करणाऱ्या कुटुंबांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. तीन-चार वर्षांनी गाव बदलते; मासा मात्र दहा वर्षे जगतो. गाव बदलले की पाणीही बदलते. कोठे बोअरवेलचे कठीण पाणी, कोठे धरणाचे मऊ. दिल्लीच्या हिवाळ्यात तर हीटरविना एंजलफिश तगणे अवघड. बदलीचा आदेश हाती पडल्यावर माशांसाठी चांगले घर शोधून देणे किंवा ते सोबत नेणे, हे दोनच सन्मान्य मार्ग उरतात. न्यायचे असतील तर आदल्या दिवशी उपाशी ठेवून, पिशवीत थोडे पाणी व भरपूर हवा भरून नेता येतात. फिल्टरमधील स्पंज टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून नेल्यास जिवाणूही बऱ्याच अंशी टिकतात.

तिसरा मार्ग अनेकांना पुण्याचा वाटतो : मासे नदीत वा तळ्यात सोडून देणे. तो सर्वांत घातक आहे. टाक्यांतील शेवाळ खाण्यासाठी आणलेला परदेशी सकर मासा आज कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत आणि महाराष्ट्रातील उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळच्या नद्यांत अरापायमा आणि ॲलिगेटर गार यांसारखे परदेशी मासे आढळले. भूतदयेच्या एका क्षणाची किंमत स्थानिक मासे आणि त्यांवर जगणारी कुटुंबे मोजतात.

मग मासे पाळूच नयेत काय? असे म्हणणाऱ्यांच्या युक्तिवादात तथ्य आहे. पण ते अर्धे आहे. बाजारातील बहुतेक एंजलफिश पिढ्यान्‌पिढ्या हौदांत पैदास झालेले असतात. त्यांच्यासाठी अमेझॉन रिकामी होत नाही. उलट पश्चिम घाटातील डेनिसन बार्ब हा देखणा देशी मासा नद्यांतून पकडला जाऊन परदेशी जात राहिला आणि आज संकटग्रस्त गणला जातो. २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीला ‘सह्याद्रिया’ असे नाव मिळाले, हाच काय तो गौरव. तेव्हा मासा देशी की परदेशी, यापेक्षा तो कोठून आला आणि कसा ठेवला जातो, हे प्रश्न अधिक मोलाचे.

घरातील टाकी मुलांना पाठ्यपुस्तकाहून अधिक शिकवू शकते. मात्र ती काय शिकवील, हे मोठ्यांच्या वागण्यावर अवलंबून असते. महिनाभर रिकाम्या टाकीसमोर धीर धरून बसलेले मूल, पाणी तयार झाल्यावर आलेल्या पहिल्या पिल्लाकडे वेगळ्याच नजरेने पाहील. मेलेला मासा गुपचूप फेकून त्याच संध्याकाळी दुसरा आणला, तर तेच मूल जीव ही बदलून मिळणारी वस्तू आहे असे समजेल. टाकीचा आकार, सोबत्यांची निवड आणि महिनाभराचा धीर, एवढे जमत असेल तर एंजलफिश अवश्य आणावा. जमत नसेल, तर दुकानाच्या काचेबाहेर उभे राहून त्याचे सौंदर्य डोळे भरून पाहावे आणि रिकाम्या हाताने घरी परतावे. त्यातही त्या माशावरचे प्रेमच आहे.